दोन स्क्रीन लावल्या आणि एक सारखी झोपते? आपापला अनुभव टाका

मंडळी, आपल्या जळगाव-धुळ्याकडं सीएच्या ऑफिसात, डीटीपीवाल्यांकडं, घरून काम करणाऱ्यांकडं आता सर्रास दोन मॉनिटर दिसतात आणि तक्रार सगळ्यांची एकच. चहा पिऊन परत यावं, माऊस हलवावा, तर एक स्क्रीन उठते आणि दुसरी काळी ती काळीच, 'नो सिग्नल' दाखवून परत झोपते. दुकानात नेला की तोच मॉनिटर मस्त चालतो, मग लोक वैतागून नवीन घेतात आणि तोही तसंच करतो. म्हणून धागा काढला. केबल कोणती, पोर्ट कोणतं, शेवटी कशानं सुटलं एवढं तरी लिहाच.

सुरुवात मी करतो. माझा एक मॉनिटर एचडीएमआयवर, दुसरा डिस्प्लेपोर्टवर (दोन्ही मॉनिटरला चित्र पोचवणाऱ्या केबलींचे प्रकार). डिस्प्लेपोर्टवाला गाढ झोपला की कॉम्प्युटरला वाटतं केबलच काढली, मग त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या उचलून दुसऱ्या स्क्रीनवर येऊन पडतात. जीएसटीच्या दिवसांत डावीकडं लेजर, उजवीकडं पोर्टल असं मांडून ठेवावं आणि जेवून येईस्तोवर सगळा काला झालेला. उपाय निघाला मॉनिटरच्याच बटणांच्या मेनूत. तिथं 'डीप स्लीप' बंद केलं आणि 'ऑटो इनपुट' काढून डिस्प्लेपोर्ट फिक्स केलं, कारण ऑटोवर मॉनिटर एकेक पोर्ट हुडकत बसतो आणि तेवढ्यात सिग्नल नाही म्हणून परत झोपतो. विंडोज 11 वाल्यांनी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथं जाऊन 'रिमेंबर विंडो लोकेशन्स' वर टिक आहे का तेही बघा, त्यानं खिडक्या आपापल्या जागी परत जातात.

भुसावळ, डीटीपी
माझं वेगळंच होतं भो. पीसी बंद करून मागचं स्विच पाडलं तरी मदरबोर्डवरचा बारीक दिवा मिणमिणत राहायचा, मॉनिटरची केबल उपसली की विझायचा. सकाळी पीसी चालू व्हायलाही नखरे. डिस्प्लेपोर्टच्या 20 नंबरच्या पिनेवर 3.3 व्होल्ट असतात, साध्या केबलमध्ये ती पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसायला पाहिजे, पण काही स्वस्तातल्या केबलींमध्ये ती जोडलेली असते आणि मॉनिटरचा करंट उलटा ग्राफिक्स कार्डात घुसतो. चांगली केबल आणली, त्या दिवसापासून दोन्ही स्क्रीन बरोबर झोपतात बरोबर उठतात. मॉनिटरला दोष देण्याआधी केबल बदला, मी तर सगळ्यांना हेच सांगतो.

धुळे
आमच्याकडं उलटं, स्क्रीन झोपायच्याच नाहीत. मे महिन्यात पारा 44 च्या वर, खोलीत कूलर चालू आणि दोन मॉनिटर रात्रभर पेटलेले, बिलाचं सोडा, त्या छोट्या खोलीत गरमीनं बसवत नाही. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग स्लॅश 'रिक्वेस्ट्स' असं टाकलं तर डिस्प्लेच्या खाली ब्राउझरचं नाव आलं, कुठल्यातरी टॅबमध्ये व्हिडिओ चालूच होता. तो बंद केल्यावर झोपायच्या पण मधेच आपोआप जाग्या व्हायच्या, ते टेबलाच्या काचेमुळं. काचेवर माऊसचा सेन्सर चुकतो आणि बाण आपोआप थरथरतो. साधं माऊसपॅड टाकलं, संपला विषय.

रावेर
लाईटचा झटका बसला की माझी दुसरी स्क्रीन जायची. पहिली यूपीएसवर, दुसरी थेट भिंतीच्या प्लगात, मग काय होणार. दोन्ही यूपीएसवर घेतल्या. तरी कधी अडकलीच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी चारही बटणं एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, स्क्रीन लपकते आणि बऱ्याचदा परत येते. उघडं काम जात नाही.

नंदुरबार
पुतण्याच्या पीसीत नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं तर बसवणाऱ्यानं एक केबल कार्डाला आणि दुसरी मदरबोर्डच्याच पोर्टात लावून दिली. तो दुसरा मॉनिटर चालू केला की लगेच पॉवर सेव्हिंगमध्ये जायचा. बऱ्याच बोर्डांवर कार्ड लावलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. दोन्ही केबली कार्डात लावल्या, झालं. कार्डाला पोर्ट कमी असतील तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) मल्टी मॉनिटरचा ऑप्शन शोधा.

अमळनेर
काय व्हयनं भाऊ, लिनक्सवाला कोणीच नाही का? लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती, जुनी एक्स-ऑर्ग आणि नवी वेलँड. एक्स-ऑर्गवर टर्मिनलमध्ये 'एक्ससेट क्यू' टाकलं की सगळ्यात खाली डीपीएमएसचं (स्क्रीन आपोआप झोपवणाऱ्या सोयीचं) काय चालू आहे ते दिसतं. स्टँडबाय, सस्पेंड, ऑफ, तिघांचे सेकंद वेगवेगळे लिहिलेले असतात. वेलँडवर मात्र हे चालत नाही, तिथं डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमधूनच करावं लागतं.

अमळनेरकर, धन्यवाद, हे पाहिजेच होतं. आता लॅपटॉपला डॉक (जादा पोर्ट देणारा डबा) लावून दोन स्क्रीन चालवणारे राहिले. शिरपूर, साक्री, चोपडा, कोणीतरी लिहा, डॉकचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर फरक पडला का ते मला खास विचारायचं आहे, कारण भावाकडं डॉक आहे आणि झाकण लावलं की त्याच्या दोन्ही स्क्रीन जातात.