डिस्टोपिया (भयाण भविष्याची कादंबरी) वाचूनही मन का खचलं नाही?

प्रश्न : ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) काल रात्री संपवली. २०२४चं कॅलिफोर्निया, जळणारी वस्ती, महागलेलं पाणी. तरी शेवटी उभारी वाटली. का?

उत्तर १ : नायिका लॉरेन एकटी तगत नाही म्हणून. वाटेत भेटेल त्याला सोबत घेते, रात्री आळीपाळीने पहारा! शेवटी मेलेल्यांच्या आठवणीत ओकची झाडं लावतात, तिथे मी रडले.

उत्तर २ : बेगम रोकेयांची ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) ही स्वप्नातल्या आदर्श जगाची कथा वाचा. बायकांचं राज्य, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक. पण पुरुष मर्दान्यात, म्हणजे पुरुषांसाठीच्या बंदिस्त भागात, कोंडलेले. हा न्याय पटत नाही.

प्रश्नकर्ती : ते खटकावं म्हणूनच लिहिलंय ना! बायका कोंडलेल्या तेव्हा कुणाला खटकलं? बटलरचा १९९८चा पुढचा भाग कुणाकडे आहे का? ठाण्यात येऊन नेईन.