उत्तर: चेनसॉचं क्रँक सील
चेनसॉमध्ये नवा पिस्टन टाकताना क्रँकशाफ्टची जुनी सीलं (शाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या रबरी रिंगा) ठेवू का असं विचारलंय, तर अजिबात ठेवू नका, दोन्ही बदला, फ्लायव्हीलकडचं पण आणि क्लचकडचं पण. टू स्ट्रोकमध्ये सील हवा ओढायला लागलं की मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आरपीएम आपोआप चढतो आणि नवा पिस्टन परत घासतो, मग बसा कार्बोरेटरचे स्क्रू पिळत. जुनं सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका, तो पडला की नवं सीलही गळणारच. बसवताना कीवेवर (शाफ्टवरच्या खाचेवर) पातळ टेप गुंडाळा, सीलच्या लिपला (आतल्या पातळ कडेला) तेल लावा, सीलच्या स्प्रिंगची बाजू इंजिनच्या आत. आणि प्रेशर टेस्टसोबत (इंजिनात हवा भरून गळती बघणं) व्हॅक्युम टेस्टही (हवा ओढून बघणं) कराच, काही सीलं फक्त व्हॅक्युमलाच गळतात.