मदत हवी आहे: खिडकीबाहेरचा फणस आणि आतला अंधारा कोपरा, दोन्ही एकाच फोटोत हवेत

लाकडी_जिना:

नमस्कार मंडळी. वेळ थोडा आहे, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं जुनं घर पुनर्विकासाला जातंय. ३१ तारखेला किल्ल्या द्यायच्या, म्हणजे हातात दोनच शनिवार-रविवार उरलेत. आजी ८६ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला तो जिना चढवत नाही, वर्षभर ती आमच्याकडे घोडबंदर रोडलाच आहे. त्या घरातलं तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघराचा एक मोठा फोटो काढून आण, समोरच्या भिंतीवर लावू." १६ बाय २४ इंचाची प्रिंट करायचं ठरवलंय.

खोली लांबट आहे. खिडकी एकच, ओट्याच्या वर, पूर्वेला. बाहेर फणस, अगदी गजांपर्यंत आलेला. डाव्या हाताला पितळी डब्यांची मांडणी. उजवीकडे, जिथे खिडकीचा उजेड पोचता पोचता संपतो, तिथे खाली पाटा-वरवंटा आणि वर भिंतीतलं फडताळ. दारात उभं राहिलं की फणसाची पानंही दिसतात आणि पाट्याला टाकी लावल्याचे ठिपकेही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच दिसतं. खिडकी धरली की आत काळोख, आतलं धरलं की खिडकी म्हणजे पांढरा चौकोन.

कॅमेरा कॅननचा साधा डीएसएलआर, १८-५५ लेन्स, ट्रायपॉड मैत्रिणीचा. गेल्या रविवारी सकाळी अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र मी ठरवते, शटरचा वेळ कॅमेरा), एफ/८, आयएसओ १०० ठेवून ऑटो ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात लागोपाठ टिपलं. त्यात तीनच फ्रेम मिळतात, जास्तीत जास्त दोन स्टॉप खाली आणि दोन वर. शटर आलं १/१५, १/४ आणि १ सेकंद. सगळे जेपीजी. मग फोटोमॅटिक्सच्या ट्रायलमध्ये आणि ल्युमिनन्स एचडीआरमध्ये, अशा फ्रेम जोडणाऱ्या दोन सॉफ्टवेअरमध्ये, जोडून पाहिले.

अडचणी अशा: सगळ्यात काळ्या फ्रेममध्येसुद्धा खिडकी पांढरीच. चौकटीला लागून वलयं आली. भिंतीवरचे ओलीचे डाग नकाशासारखे उठले, पितळ नारिंगी झालं. ट्यूब चालू होती, त्यामुळे अर्धी भिंत हिरवट आणि अर्धी निळसर. आणि १ सेकंदाची फ्रेम ट्रायपॉड असूनही हललेली.

आजीला लॅपटॉपवर दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "हे कॅलेंडरावरचं घर आहे. आपल्या पाट्यापाशी एवढा उजेड कधी होता?" तेव्हापासून मला चैन नाही. यातलं काय चुकलं, आणि कमीत कमी खर्चात नीट कसं करता येईल, ते कृपया सांगा.

एफ_आठ:

ताई, तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. मीटरने पूर्ण खोलीची सरासरी काढून १/४ दिलं आणि कॅमेऱ्याने त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टॉपच घेतले. सकाळी उन्हात चमकणाऱ्या झाडाला एफ/८ आणि आयएसओ १०० वर साधारण १/२५० लागतं. तुमची सर्वांत काळी फ्रेम १/१५ ची, म्हणजे खिडकीला अजून चार स्टॉप कमी उजेड हवा होता. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा, तेव्हा चार स्टॉप म्हणजे खिडकीवर सोळा पट जास्त प्रकाश पडला. जेपीजीत एकदा पांढरं जळून गेलं की कुठलंही सॉफ्टवेअर तिथून पान काढू शकत नाही.

आता दुसरं टोक. त्या कोपऱ्याला ४ सेकंद लागतात असं धरू. १/२५० ते ४ सेकंद म्हणजे जवळपास हजार पट, दहा स्टॉप. दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्या घेतल्या तर १/२५०, १/६०, १/१५, १/४, १ आणि ४ सेकंद, अशा सहा फ्रेम. तुमचा कॅमेरा एका वेळी तीनच देतो ना? मग मॅन्युअल मोडवर मधली फ्रेम १/६० ठेवून एकदा ब्रॅकेटिंग करा, मग मधली १ सेकंद ठेवून दुसऱ्यांदा. सहाच्या सहा मिळतात.

बदलायचं फक्त शटर. अपर्चर बदललं तर फोकसची खोली फ्रेमागणिक बदलेल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) बदलला तर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. फोकस एकदा ऑटोने घ्या आणि लगेच मॅन्युअलला टाका. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. दोन सेकंदांचा टायमर लावा, तीनही फ्रेम आपोआप निघतात, बटण दाबण्याचा धक्का बसत नाही. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तो काढा, नाहीतर उजळ खिडकीचं प्रतिबिंब अंधाऱ्या भागात तरंगताना दिसेल. आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत काढा, जेपीजी नको.

ट्यूब बंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. १/२५० ची फ्रेम त्यातला कुठला क्षण पकडेल सांगता येत नाही, ४ सेकंदांची फ्रेम सगळ्याची सरासरी घेते. मग रंग जुळणार कसे? त्यातून ट्यूबचा उजेड आणि आकाशाचा उजेड यांचा रंगच वेगळा. ज्या उजेडात आजी दुपारी तिथे बसत असतील, त्यातच काढा.

१ सेकंदाची फ्रेम का हलली ते मात्र कळलं नाही. जमीन कसली आहे?

लाकडी_जिना:

जमीन! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरचा मजला लाकडी फळ्यांचा आहे. मी फोटो काढत होते तेव्हा आई मागच्या खोलीत ट्रंका ओढत होती. आता फोटो मोठा करून पाहिला तर गजांना दोन-दोन कडा आहेत, उभ्या दिशेने सरकलेल्या. नक्की तेच.

खाडीपलीकडे:

मग सॉफ्टवेअरच्या अलाइनमेंटवर भरवसा ठेवू नका. दोन फ्रेममधला फरक ते जुळवतं, एकाच फ्रेमच्या आतली थरथर त्याला काढता येत नाही. आईंना दहा मिनिटं जिन्यात बसवा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, आणि पाय फळ्यांच्या मध्यावर न ठेवता भिंतीजवळ, जिथे खाली तुळई असेल तिथे टेकवा.

बाकी मोबाईलवरही काढून ठेवा एक. तोही आतल्या आत बऱ्याच फ्रेम जोडतो. पण १६ बाय २४ ला अंधारातलं बारीक काम पुसट होतं, हा माझा वाशीच्या घराचा अनुभव.

लाकडी_जिना:

मोबाईलवर काढलाय. पाट्याचे ठिपके त्यात नाहीतच, सपाट दगड दिसतो.

पारसिक_टेकडी:

आजींचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून जरा लांबण लावतो.

फ्रेम जोडणं आणि तो फोटो दिसण्याजोगा करणं, ही दोन कामं वेगळी आहेत. जोडल्यावर जी फाइल तयार होते तिच्यात दहा-बारा स्टॉपचा उजेड मावतो, पण आपला साधा स्क्रीन आणि कागद तेवढं दाखवू शकत नाही. म्हणून ते दाबून बसवावं लागतं, त्याला टोनमॅपिंग म्हणतात. 'एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) दिसणं' म्हणून जे बदनाम झालं ते सगळं या दाबण्यात घडतं. ल्युमिनन्समध्ये फत्ताल किंवा मान्टिउक या पद्धती निवडल्यात तर ते जागोजागचा कॉन्ट्रास्ट उचलतात. ओलीचे डाग तिथूनच वर आले, आणि अशा ओढाताणीतच उजळ-काळ्याच्या सीमेवर वलयं पडतात. राइनहार्ड २००२ वापरून बघा. तो अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या झोन पद्धतीवर (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाचे टप्पे पाडणं) बेतलेला आहे आणि पुष्कळ सौम्य आहे.

पण तुमच्या कामाला मी टोनमॅपिंगच टाळेन. २००७ साली मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी एक्स्पोजर फ्यूजन मांडलं. त्यात मधली अवाढव्य फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला भाग जास्त वजनाने घेतला जातो. एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर तेच करतं, आणि ते ह्युगिनबरोबर येतं. ह्युगिन पॅनोरमासाठी प्रसिद्ध असलं तरी त्यातलं फ्रेम जुळवण्याचं साधन उत्तम आहे. आधी डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या रॉ फाइलींना एकच व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) देऊन १६ बिट टिफ फाइली काढा, त्या जुळवा, मग एन्फ्यूज.

आणि इथे आजींचं ऐका. एन्फ्यूज प्रत्येक जागा मध्यम उजेडाकडे ओढतं, त्याचा एक्स्पोजर ऑप्टिमम मुळात ०.५ असतो. तो ०.४ करा, किंवा सर्वांत उजळ फ्रेम सरळ वगळून बघा. कोपरा अंधारा राहिला पाहिजे, फक्त त्या अंधारात पाटा दिसला पाहिजे. दारातून आत आल्यावर डोळे सरावायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ फोटोकडे बघणाऱ्यालाही लागू द्या.

लाइटरूम हे विकतचं सॉफ्टवेअर असेल तर २०१५ पासून त्यात एचडीआर मर्ज आहे आणि तो रॉसारखी डीएनजी फाइल देतो, पुढचं सगळं हाताने करता येतं. पण फक्त एका फोटोसाठी पैसे घालू नका.

हे दुखणं जुनंच आहे. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून एक छापत असे, कारण एका काचेवर दोन्ही मावत नसत.

ओवळा_नाका:

वेळ बदला. खिडकी पूर्वेला आहे तर सकाळी का काढताय? दुपारी तीननंतर ऊन इमारतीच्या मागे जातं, फणस सावलीत येतो. सध्या पावसाळी आभाळ असेल तर अजून सोपं.

लाकडी_जिना:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुपारी साडेतीनला गेले. आभाळ गच्च भरलेलं. खिडकी १/६० लाच नीट आली, कोपऱ्याला ४ सेकंद. दहाऐवजी आठ स्टॉप, पाच फ्रेम पुरल्या. आई आणि मी दोघीही टायमर लावून जिन्यात जाऊन बसायचो. गजांना आता एकच कडा आहे.

राइनहार्ड आणि एन्फ्यूज दोन्ही केलं. एन्फ्यूज निर्विवाद सरस. ०.४ वर ठेवलं, ४ सेकंदांची फ्रेम वगळून पाहिली तर ठिपके गेले, म्हणून ती परत घेतली. पितळ पितळासारखं दिसतंय. फणसाची काही पानं वाऱ्याने दोनदा उमटलीत, तेवढं राहिलंय.

नमुना म्हणून राम मारुती रोडवरच्या एका स्टुडिओतून ८ बाय १२ ची प्रिंट आणली. स्क्रीनवर होता त्यापेक्षा कोपरा बराच काळा आला. कागद बदलू का? आणि पानांचं काय करू?

पारसिक_टेकडी:

पानांसाठी १/६० ची एकटी फ्रेम गिंप या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या लेयरवर (थरावर) ठेवा आणि मास्कने, म्हणजे नको तो भाग झाकून, फक्त गजांमधून दिसणारं झाड उघडा. कडेला ब्रश मऊ. झाड एकाच क्षणाचं होईल.

एफ_आठ:

प्रिंट काळी येते कारण स्क्रीनची ब्राइटनेस फार चढवलेली असते. ती निम्म्यावर आणून पुन्हा बघा, मग सावल्या किंचित उचला. मॅटवर काळं थोडं फिकं दिसतं, ग्लॉसीवर खोल दिसतं, पण समोर खिडकी असेल तर ग्लॉसीत तीच चमकेल. लस्टर, म्हणजे दोन्हींच्या मधला कागद, घ्या. तुमच्या ६००० पिक्सेल रुंदीला २४ इंच म्हणजे इंचाला २५०, चिंता नको.

लाकडी_जिना:

पानं झाली, गिंपची युक्ती बरोबर लागू पडली. ब्राइटनेस खरंच पूर्ण वर होती.

मोठी प्रिंट मात्र लगेच टाकत नाही. ती ८ बाय १२ आजीच्या हातात दिली. तिने खिडकीकडे पाहिलंच नाही, थेट कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि पाट्यावरून वर फडताळाकडे, मग मांडणीकडे नेलं. तिथे थांबून म्हणाली, "हळदीचा डबा मिठाच्या जागी कोणी ठेवला?" आईने आवरताना हलवला होता.

उद्या रविवार. डबा जागेवर ठेवून पुन्हा पाच फ्रेम काढते, साडेतीनलाच.