मदत हवी आहे: तळणीचं तेल गाळूनही फिल्टर तुंबतोय

घोडबंदरकर:
तळणीचं जळकं तेल फुकट मिळतंय. मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून डिझेलमध्ये मिसळतो. आधी मस्त चाललं, आता फिल्टर सारखा तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. आणखी बारीक कशाने गाळू? घाई आहे, ग्यान नको.

रबाळे_फिटर:
इंजिन कसलं? गाडी की जनरेटर? तेल कुठलं? किती मिसळता?

चहाबाज:
फुकट देतं कोण? आमच्या स्टेशनबाहेरचा वडेवाला तर कढईचा तळ दिसेपर्यंत तेच वापरतो.

सानपाड्याची_काकू:
कॉस्टिक सोडा घालून साबण करा. फरशीला उत्तम. हातमोजे घाला मात्र.

घोडबंदरकर:
काकू, साबण नकोय! जनरेटर आहे. पामतेल, फरसाणवाल्याकडचं. निम्मं-निम्मं मिसळतो.

रबाळे_फिटर:
निम्मं? धन्य आहात. फडक्यातून बेसनाचा बारीक साका आणि पाणी आरामात खाली उतरतं. तेल 60 अंशांपर्यंत तापवा, पिंपात आठवडाभर निवळू द्या. वरचंच काढा, तळ ढवळू नका. तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाका, तडतडलं तर पाणी अजून आहे. मग 5 मायक्रॉनचा फिल्टर. पामतेल थंडीत थिजतं. डब्याच्या तळाशी पांढरं साकळलेलं दिसतंय का? तेच फिल्टरमध्ये बसतं. आणि इंजिन सुरू-बंद नेहमी निव्वळ डिझेलवर.

ऐरोली_केमिस्ट:
कितीही गाळा, दाटपणा जात नाही. खाद्यतेल डिझेलच्या दहापट दाट असतं. डिझेल फवारणाऱ्या नोझलवर कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, इंजिन ऑइलचा चिखल होतो. मिथेनॉल आणि कॉस्टिकने ग्लिसरीन वेगळं काढलं की बायोडिझेल होतं. हे घरी करू नका. मिथेनॉल विषारी आहे, दृष्टी जाते, आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही.

रबाळे_फिटर:
पुस्तकी बोलू नका. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं.

ऐरोली_केमिस्ट:
त्यात कुणी आधी भजी तळली नव्हती.

चहाबाज:
शेंगदाणा तेलाचा भाव बघितलात का हल्ली? डिझेल परवडलं.

ऐरोली_केमिस्ट:
चहाबाज, तुमच्या वडेवाल्याला सांगा, पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायला 2018 पासून बंदी आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेल करणाऱ्यांना द्यायची एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 'रुको' योजना त्याच वर्षीची. घोडबंदरकर, फरसाणवाल्यालाही तेच सुचवा.

घोडबंदरकर:
मला विकायचं नाहीये हो. रात्री लाइट गेली की लिफ्ट चालली पाहिजे, बस.

रबाळे_फिटर:
लिफ्ट? म्हणजे जनरेटर सोसायटीचा? जुना, हळू फिरणारा आहे की कॉमन रेलचा, म्हणजे प्रचंड दाबाने डिझेल फवारणारा नवा?

घोडबंदरकर:
कॉमन रेलच असावा. मागच्या वर्षी नवा घेतलाय.

रबाळे_फिटर:
आजच बंद करा! टाकी रिकामी करा, दोन्ही फिल्टर बदला, निव्वळ डिझेल भरा. कॉमन रेलची नोझलं गेली तर खर्च ऐकून घाम फुटेल. वॉरंटीवाल्यांना बोलवायच्या आधी टाकी धुऊन घ्या म्हणणार होतो, पण नको. खरं काय ते सांगा त्यांना.

चहाबाज:
सेक्रेटरींना माहितीये का हे?

घोडबंदरकर:
मीच सेक्रेटरी आहे. टाकीतलं तेल आता टाकू कुठे?

सानपाड्याची_काकू:
डिझेल मिसळलेल्याचा साबण होत नाही हं. पण न मिसळलेलं उरलं असेल तर मला चालेल.