३३ वर्षं सायन्स शिकवलं, आता कपाट आवरतेय

या महिन्यात रिटायर होतेय. लॅबचं कपाट आवरताना जुन्या नोट्स सापडल्या, त्यात ग्रह नऊ आणि किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. प्लूटो २००६ ला गेला, ठोकळा २०१९ ला, आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो. म्हटलं काय काय चुकीचं शिकवून बसलो आपण! तुम्हाला शाळेतलं सायन्स खरंच काय आठवतं? मार्कांचं सोडून सांगा.

उत्तर १
मॅग्नेशियमची फीत!! मॅडम म्हणाल्या थेट बघू नका, अख्ख्या वर्गाने थेटच बघितलं, मग कितीतरी वेळ वहीवर ठिपके नाचत होते. ती पांढरी राख पाण्यात ढवळली आणि लाल लिटमस निळा झाला हेही आठवतं. समीकरण विचारू नका फक्त.

उत्तर २
मीपण शिक्षकच, १२ वर्षं झाली. चुकीचं कसलं हो मॅडम, तेव्हा तेच बरोबर होतं. मी तर अजून आधी नऊच सांगतो, मग एक काढून टाकतो, का ते पोरांनी भांडून ठरवायचं. बाकी कपाटात पाऱ्याचे थर्मामीटर असतील तर सांभाळून, फुटला तर पारा सिंकमध्ये अजिबात ओतू नका.

मूळ प्रश्नकर्ती
आहेत ना, चार! शिवाय रॉकेलच्या बाटलीत सोडियमचा तुकडा, लेबल माझ्याच अक्षरात, शाई पार उडालेली. नवीन सरांना आधी ती बाटली दाखवते, किल्ली नंतर.