मुलीसाठी छोटा कीबोर्ड, कॅसिओ की यामाहा?

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची, शेजारच्या काकूंची पेटी दिसली की सोडतच नाही म्हणून स्वस्तातला कीबोर्ड घ्यायचाय. कॅसिओ एसए-४६ बघितला, ३२ पट्ट्या, चालेल का?

सांगलीकर: ताई, ३२ म्हणजे साधारण अडीच सप्तकं, सारेगम अन् बालगीतांना भरपूर. पण एसए-७६ ला ४४ आहेत, पट्ट्या तशाच छोट्या, डाव्या हाताला जरा जागा मिळते. मी तोच घेईन.

कोमल_निषाद: यामाहा पीएसएस-एफ३० पण बघा, ३७ पट्ट्या, यूएसबीवर चालतो म्हणजे मोबाईलचा चार्जर लावला की झालं, एसए-४६ ला ६ पेन्सिल सेल लागतात नाहीतर अडॅप्टर घ्या. आणि ते बिनब्रँडचे खेळण्यातले नको हो, बरेचसे बेसूर असतात, कान तिथेच बिघडतो.

प्रश्नकर्ती: पुढे क्लास लावला तर हाच चालेल?

सांगलीकर: क्लासवाले बहुतेक ६१ पट्ट्यांचा फुल साईज सांगतात, शक्यतो टच रिस्पॉन्सवाला, म्हणजे हळू दाबलं तर आवाज हळू. या छोट्या एसएमध्ये ते नाही. पण आत्ताच एवढा खर्च कशाला, आधी वाजवते का बघा!