वाद्यवृंदासोबत लॅपटॉप: क्लिक द्यावा की क्यू पाडावेत?

तलावपाळी_व्हायोला
मंडळी, ठाण्यात एका नाट्यगृहात कार्यक्रम आहे. २२ तंतुवाद्यं, दोन फ्लूट, एक ओबो, दोन हॉर्न, शिवाय लॅपटॉप आणि एक सिंथेसायझर. रचना ११ मिनिटांची, त्यातली ७ मिनिटं रेकॉर्ड केलेला इलेक्ट्रॉनिक आवाज एका सलग फाइलमध्ये. तालमीत दोन गोष्टी अडतायत. संथ भागात कंडक्टर जरा रेंगाळले की लॅपटॉप पुढे निघून जातो. आणि सिंथ आणि व्हायोलिन एकत्र ऐकू येतच नाहीत, दोन वेगळे कार्यक्रम चालल्यासारखं वाटतं. क्लिक, म्हणजे तालाची टकटक, ऐकायला सगळ्यांना हेडफोन देणं बजेटमध्ये बसत नाही. हॉल त्याच दिवशी सकाळी ताब्यात मिळणार.

ऐरोली_फेडर
सलग ७ मिनिटांची फाइल हेच दुखणं आहे. वारेझ यांच्या १९५४ च्या ‘देझेर’मध्ये टेपचे भाग आणि वाद्यांचे भाग आलटूनपालटून येतात, त्यामुळे दोघांना एकमेकांच्या मागे धावावं लागत नाही. तुमच्याकडे दोन्ही एकदम वाजतंय, म्हणून तुकडे पाडा.

स्कोअर घेऊन बसा आणि जिथे वाद्यवृंद श्वास घेतो तिथे फाइल कापा. ७ मिनिटांचे १० ते १४ क्यू, म्हणजे वेळेवर बटण दाबून सोडायचे तुकडे, होतील. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ६-८ सेकंदांची जास्तीची शेपूट ठेवा. पुढचा क्यू सुटला की आधीचा दीड-दोन सेकंदांत विरून गेला पाहिजे. कंडक्टर रेंगाळले तर शेपूट वाजत राहते, भोक पडत नाही. फाइलच्या सुरुवातीची शांतता पूर्ण कापा. ४० मिलिसेकंद राहिले तरी दर वेळी क्यू उशिरा आल्यासारखा वाटतो आणि दोष बटण दाबणाऱ्याच्या माथी येतो.

एबलटनमध्ये (लॅपटॉपवरून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर) असाल तर वर ग्लोबल क्वांटायझेशन ‘१ बार’वर (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) असतं, ते ‘नन’ करा. नाहीतर बटण दाबल्यावर क्लिप पुढच्या बारची वाट पाहत बसते. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा पुरे. ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांच्या आत येतं. क्यू देणारा माणूस स्कोअर वाचणारा हवा आणि त्याला छडी समोरून दिसली पाहिजे. हॉलच्या मागे साउंडवाल्याशेजारी बसवू नका, तिथून फक्त कंडक्टरची पाठ दिसते.

मंद्र_सप्तक
वरच्यांशी जवळपास सहमत, पण ठेका असलेल्या भागाला क्लिक लागेलच. तिथे हाताने क्यू देऊन भागत नाही. मात्र क्लिक २७ जणांना नको. कंडक्टरना एका कानात बंद इअरफोन द्या, बस्स. बाकीचे छडी पाहतात. उघडा हेडफोन देऊ नका, हळू जागी टकटक माइकमध्ये उतरते. क्लिकचा आवाज बोथट ठेवा आणि ठेका सुरू व्हायच्या आधी दोन मात्रा मोजून द्या.

इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी पेटी) चार आउटपुटचा घ्या: १-२ वर संगीत, ३ वर क्लिक. ४ वर सिंथवाल्यासाठी बोलके इशारे, ‘बार ४८’ वगैरे. तालमीला येण्याआधी ३ नंबर चुकूनही मुख्य स्पीकरला जात नाही ना, ते एकदा केबल हातात धरून तपासा.

आता सूर. ओबो ‘ए’ ४४२ हर्ट्झचा देतोय आणि सिंथ ४४० वर, असं बहुतेक असणार. फरक फक्त आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पण लांब ‘ए’वर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. सिंथ ४४२ ला न्या. रेकॉर्ड केलेल्या फाइल मूळ प्रोजेक्टमधून ४४२ ला पुन्हा काढा. क्लिपवर सेंट वाढवलेत आणि वॉर्प (सूर बदलला तरी वेग तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर वेगही वाढतो, मिनिटाला पाव सेकंदाहून थोडा जास्त. आणि सूर लावताना ‘ए’ सिंथने द्यावा, ओबोने नव्हे. ओबोवाले रागावतील, रागावू द्या.

एसी तासभर आधी चालू करून मगच सूर लावा. दिव्यांच्या उष्णतेत फुंकवाद्यं चढतात आणि तारा उतरतात, सिंथ मात्र जागचा हलत नाही. मध्यंतरानंतर पुन्हा ट्यून करायला वेळ ठेवा.

घोडबंदर_हम
‘दोन वेगळे कार्यक्रम’ हे बहुधा स्पीकरच्या जागेमुळे. व्हायोलिन रंगमंचावर, सिंथ कमानीवरच्या मोठ्या स्पीकरमधून. कान दोघांना जोडणार कसे?

दोन लहान पॉवर्ड स्पीकर वाद्यवृंदाच्या मागे, फ्लूट-हॉर्नच्या रांगेत, जमिनीपासून साधारण मीटरभर उंच ठेवा. इलेक्ट्रॉनिक आवाज आधी तिथून. माइकचा आवाज त्या स्पीकरला अजिबात देऊ नका, मग शिट्टी बसायला वाटच राहत नाही. मोठे स्पीकर फक्त प्रेक्षकांच्या मागच्या रांगांसाठी, आणि त्यांना विलंब द्या. आवाजाला मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. वाद्यवृंदामागचे लहान स्पीकर कमानीपासून ५ मीटर आत असतील तर १५ मिलिसेकंद, वर आणखी ५ ते १०. मग कानाला आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो.

दुसरं, सिंथचा खर्ज. चेलोची सर्वात खालची तार सुमारे ६५ हर्ट्झ, डबल बेसची ४१. सबवूफर त्याच पट्ट्यात घुमत असेल तर चेलो नाहीसे होतात. १०० ते २५० हर्ट्झमध्ये ३-४ डेसिबल काढा आणि सब शक्यतो बंदच ठेवा.

नाटकाच्या थिएटरात विंगा, झालरी, पडदे सगळा आवाज पितात. बोलण्याला ते उत्तम, तंतुवाद्यांना मारक. वाद्यवृंदाच्या मागे ८ बाय ४ फुटांचे १८ मिमी प्लायचे सहा-सात पॅनल उभे केले तरी फरक पडतो. पॅनल किंचित तिरके ठेवा आणि पाय वाळूच्या पोत्यांनी दाबा.

तलावपाळी_व्हायोला
प्लाय मिळेल. अजून एक: लॅपटॉप चार्जरला लावला की घूं आवाज येतो, काढला की थांबतो.

घोडबंदर_हम
अर्थिंगचा फेरा आहे. इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घाला आणि त्यावरचं ग्राउंड-लिफ्ट बटण दाबा. प्लगची अर्थपिन मोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसेल. साउंडचा करंट दिव्यांच्या डिमरपासून वेगळा घ्या आणि इलेक्ट्रिशियनला सकाळीच सांगा. लॅपटॉप, सिंथ, मिक्सर एकाच बोर्डवर. ऑडिओ केबलला दिव्यांची केबल ओलांडावी लागलीच तर काटकोनात. समांतर टाकली की डिमर अर्ध्यावर असताना भुणभुण ऐकू येते, आणि ती नेमकी हळू जागी.

मंद्र_सप्तक
आणि दुसरा लॅपटॉप, त्याच फाइल भरून, त्याच क्यूवर उभा ठेवा. दोघांचे आउटपुट मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर, एक म्यूट. वायफाय, ब्लूटूथ, अपडेट दोन्हीवर बंद.